गुलमर्गला पहिल्यांदाच स्कीइंग करणार आहे, उतारावर एकमेकांना वाट कशी द्यायची?

सोपं आहे, जो तुमच्या खाली आहे त्याचा हक्क पहिला. त्याला पाठीला डोळे नसतात, तो कधीही वळेल, पडेल, म्हणून वरून येणाऱ्यानेच सांभाळून लांबून जायचं. एफआयएसचे (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे) १० नियम १९६७ पासून आहेत, त्यातला हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दुसरं म्हणजे थांबायचं कुठे. आपली मंडळी फोटोसाठी बरोब्बर मधे नाहीतर चढाच्या मागे थांबतात, जिथे वरच्याला काहीच दिसत नाही, प्लीज असं करू नका, कडेला व्हा. पडलात तरी लवकर बाजूला सरका, आणि परत निघताना आधी मान वळवून वर बघा. बूट घालून चालत चढायचं तेही कडेनेच.

कोणी पडून उठत नसेल तर थांबायचंच. त्याच्या थोडं वर आपल्या दोन्ही स्की बर्फात फुलीसारख्या रोवायच्या, म्हणजे वरच्यांना लांबूनच कळतं, मग स्की पेट्रोलला, म्हणजे उतारावरच्या बचाव पथकाला, बोलवा. त्याला उगाच ओढून उठवू नका, बूटही काढू नका.

आणि हेल्मेट भाड्याने मिळतं, घ्याच.