इंग्लंडच्या सरे काउंटीतलं (जिल्ह्यासारखा भाग) क्रॅनली हे गाव एवढं मोठं असूनही त्याला टाऊन, म्हणजे छोटं शहर, का म्हणत नाहीत?

कारण तिथल्या पॅरिश कौन्सिलने (आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था) टाऊन व्हायचा ठरावच केला नाही. इंग्लंडात लोकसंख्या इतकी झाली की गाव आपोआप टाऊन होतं असं काही नाहीये, 1972 च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टप्रमाणे पॅरिश कौन्सिल स्वतः ठराव करून टाऊन कौन्सिल होऊ शकते, नाही केला तर गाव गावच राहतं, मग 2011 च्या जनगणनेत सरेतल्या या क्रॅनलीची वस्ती 11 हजारांच्या वर का असेना. आणि मला विचाराल तर गावपण तिथं नुसतं नावापुरतं नाहीये, 1859 मध्ये डॉ. नॅपर आणि तिथले रेक्टर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, सॅप्ट यांनी एका जुन्या कॉटेजमध्ये गोरगरिबांसाठी छोटं हॉस्पिटल काढलं, इंग्लंडमधलं पहिलं कॉटेज हॉस्पिटल म्हणून तेच ओळखलं जातं, केवढी मोठी गोष्ट आहे ही! रेल्वे 1865 ला आली, 1965 ला बंद पडली, आता त्या रुळांच्या वाटेवर लोक चालतात, सायकली चालवतात. फक्त 'इंग्लंडचं सगळ्यात मोठं गाव' हे बिरुद एकट्या क्रॅनलीचं धरू नका, ऑक्सफर्डजवळचं किडलिंग्टनही तोच दावा करतं आणि ते वस्तीने क्रॅनलीपेक्षा मोठं आहे.