दावा ऑपरेशनवर नको, नंतरच्या हेळसांडीवर करा

कडेगाव तालुक्यातील एका शेतकरी वाचकाने विचारले आहे : पत्नीची गर्भपिशवी कराडच्या एका खासगी रुग्णालयात काढली. घरी आल्यापासून ताप, पोटात कळा आणि लघवी ठिबकणे सुरू झाले. तीनदा नेऊन दाखवले. दरवेळी गोळ्या देऊन 'होईल कमी' म्हणत परत पाठवले. शेवटी पुण्यात सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये मूत्रनलिकेला इजा निघाली आणि दुसरे ऑपरेशन करावे लागले. पहिल्या ऑपरेशनला 19 महिने झाले. 20 लाख मागता येतील का? भावकीचे म्हणणे, आधी पोलिसांत जा.

पोलिसांत आधी जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्पष्ट केले आहे की, डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी अत्यंत गंभीर स्वरूपाचा निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि पोलिसांनी त्याआधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यावे. त्या वाटेने तुमचे महिने जातील, भरपाई मिळणार नाही. तुमची जागा ग्राहक आयोगात आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात बसते, हे 1995 पासून पक्के आहे.

आता मुख्य मुद्दा. पिशवी काढताना मूत्रनलिका, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी, दुखावणे ही या शस्त्रक्रियेतली सर्वज्ञात गुंतागुंत आहे. नलिका गर्भाशयाच्या रक्तवाहिनीखालून, अगदी लागून जाते. त्यामुळे 'ऑपरेशन चुकले' एवढ्यावरच दावा उभा केलात, तर समोरचे वकील कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, हेच लिहितील, आणि संमतीपत्रावर वहिनींची सही दाखवतील. पण शस्त्रक्रियेनंतर बाई तीनदा येऊन लघवी ठिबकते म्हणून सांगते आणि साधी सोनोग्राफीही होत नाही, याला गुंतागुंत म्हणता येत नाही. ही हेळसांड आहे, आणि माझ्या मते तुमची खरी ताकद इथेच आहे. तक्रारीतला पहिला परिच्छेद या तीन भेटींचा असू द्या.

या भेटी सिद्ध होतील त्या कागदांवर. आजच रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन संपूर्ण केसपेपर मागा : ऑपरेशनची नोंद, नर्सच्या नोंदी, तापाचा तक्ता, संमतीपत्र, बाह्यरुग्ण विभागाच्या चिठ्ठ्या. अर्जाची पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाचे कागद मागणीनंतर 72 तासांत द्यावे लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपावे लागतात. बाह्यरुग्ण चिठ्ठ्या तुमच्याकडे असतील तर त्या सोन्यासारख्या सांभाळा, कारण त्यावरच 'लघवी ठिबकते' असे लिहिलेले सापडेल. औषध दुकानाची बिले आणि मोबाइलवरून दिलेल्या पैशांच्या नोंदीही काढून ठेवा, त्यांवरून तारखा जुळवता येतात. पुण्याच्या सर्जनचे डिस्चार्ज कार्ड सर्वांत महत्त्वाचे. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध साक्ष द्यायला कचरतात, हे खरे आहे. पण प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये म्हटले आहे. तरी मिळाले तर घ्याच.

तक्रारीची मुदत 2 वर्षांची. इजा नंतर समजली म्हणून मुदत पुढून मोजावी, असा वाद घालता येईल, पण त्यावर विसंबू नका. पहिल्या ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे हातात 5 महिने आहेत. विलंब माफीचा अर्ज ही शेवटची काठी.

तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगातच करा. रुग्णालय कराडचे असले तरी तक्रारदार राहतो तिथे दाद मागण्याची सोय 2019 च्या कायद्यात आहे. आयोगाची पातळी आणि फी तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. रुग्णालयाला दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्यास 20 लाख मागूनही फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

20 लाखांचा आकडा मात्र हिशोबाने मांडा : दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च, पुण्याच्या खेपा, वहिनींची बुडालेली मजुरी किंवा दुधाचे उत्पन्न, भोगलेल्या यातना, आणि वर व्याज. आयोग पुराव्याशिवाय मोठा आकडा क्वचितच देतो.

दरम्यान रुग्णालयाने बोलावून थोडे पैसे देऊ केले तर 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नका. डॉक्टरांचा बहुधा विमा असतो. तडजोड करायची असेल तर वकिलासमोर, लेखी, पूर्ण रकमेवर.