निरंक लिहिण्याआधी

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "मॅडम, विधिमंडळात तीन प्रश्न लागलेत, तिन्ही लहान मुलांचे. एकाचा जिल्ह्याकडून अहवाल निरंक आलाय, म्हणजे नोंद शून्य, आणि विभागानं तसंच उत्तर तयार केलंय. पुढे पाठवू ना?" मी थांब म्हटलं. का म्हटलं, ते पाच मिनिटांत सांगून झालं नसतं, म्हणून हे पत्र.

राज्यमंत्र्यांच्या कार्यालयात येऊन तुला दोनच महिने झालेत. तीन खाती आणि विधिमंडळाचं सगळं कामकाज एकट्या तुझ्या टेबलावर. आरोग्याचं उत्तर एकीकडून येतं, महिला व बालविकासाचं दुसरीकडून, विधी व न्यायाचं तिसरीकडून. सभागृहात उभं राहणारा माणूस मात्र एकच असतो, आणि तो तुझ्याकडच्या फाईलवर विसंबून उभा राहतो.

आपल्याकडच्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाचा साचा आता तुझ्या ओळखीचा झाला असेल. आधी "हे खरे आहे काय", मग "असल्यास, चौकशी केली आहे काय", "त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे" आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". पहिल्या भागाला "हे खरे नाही" लिहिलं की उरलेल्या सगळ्यांना "प्रश्न उद्भवत नाही" अशी एक ओळ पुरते. उत्तर दोन ओळींत संपतं, सह्या भराभर होतात, अधिवेशनाच्या गर्दीत सगळ्यांना बरं वाटतं. मीही कितीतरी वर्षं ही ओळ लिहिली. त्यातली एक मला अजून आठवते.

कक्ष अधिकारी होते तेव्हाची गोष्ट. एका पाड्यावर दोन बालकं कुपोषणानं दगावली, हे खरे आहे काय, असा प्रश्न होता. जिल्ह्याचा अहवाल आला: एक मूल न्यूमोनियानं गेलं, दुसरं जुलाबानं, कुपोषणानं मृत्यू निरंक. मी "हे खरे नाही" लिहिलं. डिसेंबरचा महिना, नागपूर. प्रश्न पुकारला गेला, मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं आणि सदस्य उपप्रश्नाला उठले. त्यांच्या हातात त्यातल्या एका मुलाचं अंगणवाडीचं कार्ड होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. कार्डावरचा वजनाचा आलेख नुसता वाचून दाखवला. सहाव्या महिन्यापर्यंत रेघ हिरव्या पट्ट्यात, आठव्याला पिवळ्यात, अकराव्याला नारिंगी पट्ट्यात, आणि त्यापुढे रेघच नाही.

मंत्र्यांनी मान वळवून अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. आत चिठ्ठी पाठवायची म्हणून माझ्या हातात कागद आणि पेन होतं. लिहायला काही नव्हतं. अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. मंत्री मला नंतर एका शब्दानंही बोलले नाहीत. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण मंत्री नव्हते. ते कार्ड मी मागवलंच नव्हतं. मागवलं असतं तर आलं असतं.

त्या अहवालात खोटं काही नव्हतं, हे नीट समजून घे. मूल न्यूमोनियानंच गेलं होतं. कुपोषणानं अंगात ताकद उरत नाही, मग साधा ताप, साधे जुलाबही ते मूल घेऊन जातात, आणि दाखल्यावर शेवटच्या आजाराचं नाव पडतं. दाखला खरा होता आणि माझं उत्तर खोटं होतं. "मृत्यूचे कारण न्यूमोनिया. तथापि, बालक तीव्र कुपोषित होते, हे खरे आहे." एवढं लिहिलं असतं तर पुढचे तिन्ही भाग उद्भवले असते, आणि त्यांची उत्तरं शोधता शोधता त्या पाड्यावर कुणी तरी गेलं असतं.

मेळघाटच्या बाबतीत हे आपण फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांतली मुलं १९९३ पासून विधिमंडळात आणि उच्च न्यायालयात चर्चेत आहेत. पुढे शासनानेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. सरकारी नोंदीतले बालमृत्यू प्रत्यक्षातल्यापेक्षा फार कमी आहेत, हे त्या समितीनं शासनालाच सांगितलं. मृत्यू नोंदीतून निसटतात कसे, ते मला नंतर फिरतीवर कळलं. बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, बाळ तिथं जातं. माहेरची अंगणवाडी सेविका म्हणते ही आमच्या गावची नाही, सासरची म्हणते जन्मच इथं झाला नाही. जन्मून तासाभरात गेलेलं मूल "उपजत मृत्यू", म्हणजे मृतच जन्मलेलं, म्हणून लिहिलं जातं. कुटुंब कामासाठी स्थलांतर करून गेलेलं असतं आणि वाटेत गेलेल्या मुलाची नोंद कोणत्याच जिल्ह्यात होत नाही. या प्रत्येक ठिकाणी कुणी लबाडी केलेली असतेच असं नाही. रकाना रिकामा राहतो आणि वर येता येता त्याचं निरंक होतं.

दिल्लीतही हेच घडतं. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत तेव्हाच्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लेखी उत्तर दिलं की कोरोनाच्या लाटेत ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वानं कळवलेलं नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, हेही त्यात होतं. त्या उत्तरातला एकही शब्द चुकीचा ठरवणं अवघड आहे. पण तीनच महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि त्या एका दिवसात २२ रुग्ण गेले. मंत्री स्वतः तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या, दिंडोरीच्या खासदार होत्या. ज्यांनी आपलं माणूस गमावलं त्यांना ते उत्तर कसं लागलं असेल? मी हे एका मंत्र्याला दोष द्यायला लिहीत नाही. "विशेषत्वानं कळवलेलं नाही" हे शब्द वरपर्यंत पोहोचतात, कारण खाली प्रत्येक पायरीवर कुणी तरी आपला रकाना कोरा ठेवून कागद पुढे ढकललेला असतो. त्या साखळीत तू आणि मी दोघी येतो.

तेव्हा पहिल्या, म्हणजे बालमृत्यूंच्या निरंक अहवालाच्या, प्रश्नासाठी आज एवढं कर. जिल्ह्याला पुन्हा पत्र लिहीत बसू नकोस, पत्राला पत्रच येईल. त्या बीटच्या, म्हणजे तिथल्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, पर्यवेक्षिकेला फोन लाव, जमलं तर थेट सेविकेला. मृत्यू झाला का, हे विचारू नकोस. त्या वस्तीत या वर्षी किती बाळंतपणं झाली आणि आज त्यातली किती मुलं अंगणवाडीत येतात, हे विचार. दंडाचा घेर शेवटचा कधी मोजला आणि किती भरला, तेही विचार. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते मूल तीव्र कुपोषित, यात मत-मतांतराला जागा नाही. मग अंगणवाडीचं आणि आरोग्य सेविकेचं रजिस्टर शेजारी ठेवायला सांग. दोन्हींत फरक असेल, बहुतेक असेलच, तर दोन्ही आकडे मंत्र्यांच्या टिपणीत घाल.

दुसरा प्रश्न रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचा आहे, तो लवकर सांगते. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. विभागाच्या मसुद्यात "लेखापरीक्षण करण्याचे निर्देश देण्यात आले आहेत" असं असेल तर तो परत पाठव. किती रुग्णालयांचं लेखापरीक्षण झालं, त्यात निघालेल्या त्रुटी किती ठिकाणी दूर झाल्या आणि किती ठिकाणी निधीअभावी अडल्या, हे तीन आकडे माग. निर्देश दिल्यानं वायर बदलत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यांत नाजूक, पोक्सोचा, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचा. त्याच्या टिपणीत त्या मुलीचं नाव, गाव, शाळा, आईवडिलांचं नाव, काहीही येता कामा नये. जिल्ह्याच्या अहवालात ते बहुधा असेल, कारण तिथं कुणी विचारच केलेला नसतो. तू स्वतः बसून काळी रेघ मार आणि मंत्र्यांच्या हाती तीच प्रत दे. उपप्रश्नांच्या गडबडीत मंत्री टिपणीतलं वाचून मोकळे होतात, आणि सभागृहात उच्चारलेलं सगळ्या राज्यात ऐकू जातं. पीडित बालकाची ओळख उघड करणं कायद्यानं गुन्हा आहे, ही बाब आहेच. पण त्या मुलीला उद्या त्याच शाळेत जायचं आहे.

याच उत्तरात "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" एवढंच लिहून थांबण्याचा मोह होईल. आरोपीनं काय केलं, हे न्यायप्रविष्ट आहे, त्यावर मंत्र्यांनी बोलू नये. पण न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेचा अहवाल किती महिने आलेला नाही, विशेष न्यायालयात सरकारी वकिलाचं पद भरलेलं आहे का, अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेची मदत त्या कुटुंबाला मिळाली का, हे न्यायालयानं ठरवायचं नसतं, ते आपण करायचं असतं. कायदा सांगतो की न्यायालयानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत बालकाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा. या खटल्याला किती दिवस झाले, ते मोज आणि दिवसांत लिही. मदतीचं तुला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कळेल. तिथला फोन सकाळी लवकर लागतो.

आता मंत्र्यांना सांगायचं कसं. तुला भीती वाटते ती मला समजते. आदल्या रात्री मंत्र्यांच्या निवासस्थानी ब्रीफिंगला दहा-बारा अधिकारी असतात, सगळे थकलेले, आणि त्यात नव्या मुलीनं म्हणायचं की विभागाचं उत्तर बरोबर नाही. तिथं म्हणू नकोस. त्याआधी विभागाच्या उपसचिवांना भेट, त्यांना फोनवर काय कळलं ते सांग, दुरुस्ती त्यांच्याकडूनच करून घे. बहुतेक माणसं ऐकतात. त्यांनाही गॅलरीत बसायचं असतं. नाहीच ऐकलं तर मंत्र्यांना एकटीनं भेटून दोन वाक्यांत सांग आणि टिपणीच्या सर्वांत वर लिही. मी पाहिलेले मंत्री वाईट बातमी देणाऱ्यावर रात्री चिडले असतील, पण सभागृहात "सदस्य म्हणतात ते खरं आहे, मी स्वतः माहिती घेतली आहे" असं म्हणता आलं की ते निश्चिंत उभे राहत. विरोधी बाकांवरचा सूरही त्या एका वाक्यानं बदलताना मी पाहिला आहे.

आणि "तपासून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" असं ते बोलले की त्याच दिवशी तारखेसकट तुझ्या वहीत लिहून ठेव. ते आश्वासन झालं, विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जाणार. संसदेत त्याला तीन महिन्यांची मुदत असते. अधिवेशन संपल्यावर मंत्री ते विसरले तर त्यांना आठवण करून देणारं तुझ्याशिवाय कुणी नसेल.

सेविकेचा फोन लागला का आणि ती काय म्हणाली, एवढं मला कळव. मसुदा पाठवू नकोस. सभागृहाच्या पटलावर येईपर्यंत ते उत्तर बाहेर जायचं नाही, आणि मी आता बाहेरचीच. नागपुरात सकाळी फार गारठा असतो, कानाला बांधायला काही तरी ने.

तुझी,
मॅडम