ओली फेल्ट हॅट: घाई करू नकोस

फुटाळा तलावावर अचानक सर आली आणि तुझी नवी हॅट चिंब झाली, एवढंच ना? हॅट वाचेल. फक्त उन्हात, गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरखाली नेऊ नकोस. उष्णतेने फेल्ट, म्हणजे लोकर किंवा केस दाबून केलेलं जाड कापड, आकसतं, आतला चामडी पट्टा तर त्याहून आधी. माझी पहिली हॅट मी गच्चीवर उन्हात ठेवली होती. संध्याकाळी ती कपाळावर चढेना. आजही आठवलं की जीव हळहळतो.

आधी पाणी हलकेच झटक, स्वच्छ सुती फडक्याने टिपून घे. चोळायचं नाही. माथ्यावरच्या घड्या आतून बोटांनी बाहेर काढ. मग चामडी पट्टा बाहेर उलटव आणि हॅट त्याच पट्ट्यावर उभी ठेव. काठावर ठेवलीस तर ओलं फेल्ट वजनाने दबतं आणि काठ सपाट होतो, मग तो बाक परत आणणं जिकिरीचं.

आत कागद भरायचा तर कोरा पांढरा घे, वर्तमानपत्राची शाई उतरते. आपल्या नागपूरच्या जुलैत हवाच ओली, म्हणून पूर्ण दिवस लागतो, कधी दीडही. खोलीत पंखा मंद चालू दे, पण थेट झोत नको. कूलर तर बंदच ठेव, आणखी दमट होईल.

थोडी दमट असतानाच घड्या परत बसव. पूर्ण सुकली की मऊ ब्रश घे, हॅटच्या डाव्या बाजूने सुरू करून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरव.