प्रतिवादी सापडत नसेल तर समन्सची बजावणी कशी करावी?

प्रश्न : एका परिचिताला हातउसने दिलेले साडेतीन लाख रुपये परत मिळावेत म्हणून मी सातारच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आहे. प्रतिवादीच्या घराला नेहमी कुलूप असते. बेलिफ दोनदा जाऊन तसाच परतला आणि टपालाने पाठवलेले समन्सही ‘घर बंद’ असा शेरा मारून परत आले. तो कामासाठी सुरतला असतो, असे शेजारी सांगतात. वर्तमानपत्रात जाहीर समन्स देऊन एकतर्फी हुकूमनामा (प्रतिवादी हजर नसताना दिलेला न्यायालयाचा निकाल) घ्यावा, असे वकिलांचे म्हणणे आहे. असा हुकूमनामा टिकेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : टिकू शकेल, परंतु जाहीर समन्स हा बजावणीचा शेवटचा मार्ग आहे आणि आपण त्याकडे जरा लवकर वळत आहात, असे मला वाटते.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ५ नुसार समन्स शक्यतो प्रतिवादीच्या हाती द्यावे लागते. तो वाजवी वेळेत घरी सापडण्याची शक्यता नसेल आणि त्याचा अधिकृत प्रतिनिधीही नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान व्यक्तीला ते देता येते. घरातील नोकर मात्र त्यात धरला जात नाही. घरी कोणीच नसेल तर, पुरेसे प्रयत्न केल्यानंतर, नियम १७ प्रमाणे बेलिफाने समन्सची प्रत घराच्या दर्शनी भागावर चिकटवावयाची असते. ती केव्हा व कोणत्या परिस्थितीत चिकटवली, घर कोणी दाखवले आणि चिकटवताना समोर कोण हजर होते, हे नावपत्त्यासह अहवालात लिहिणे त्याला बंधनकारक आहे. ‘घरास कुलूप, सबब समन्स परत’ एवढाच शेरा असेल, तर बजावणी झाली असे म्हणता येत नाही. म्हणून सर्वप्रथम प्रकरणातील बेलिफाचा अहवाल स्वतः वाचून पाहा.

नियम २० खालील पर्यायी बजावणीसाठी, म्हणजे जाहीर समन्ससारख्या मार्गासाठी, प्रतिवादी समन्स टाळण्यासाठी दडून राहतो आहे किंवा अन्य कारणाने नेहमीच्या मार्गाने बजावणी होऊ शकत नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. ती पटवण्याचे साधन म्हणजे आपले प्रतिज्ञापत्र. नागपूरच्या एका दाव्यात नियम १७ व नियम १९ (बेलिफाचा अहवाल न्यायालयाने तपासून बजावणी झाली की नाही हे ठरवण्याबाबतचा) यांचे पालन न होताच जाहीर समन्स काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती बजावणी सदोष ठरवली आणि एकतर्फी हुकूमनामा रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. वादीची काही वर्षे अशा रीतीने वाया जावीत, ही खेदाची गोष्ट आहे, कारण सुरुवातीलाच काळजी घेतली असती तर ते टळले असते.

आपल्या बाबतीत सुरतचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा आहे. तेथील पत्ता आपल्याला माहीत असेल किंवा थोड्या चौकशीने मिळण्यासारखा असेल, तर त्या पत्त्यावर नव्याने समन्स काढण्याचा अर्ज द्या. चौकशी करूनही पत्ता मिळाला नाही, तर कोणाकडे केव्हा चौकशी केली ते प्रतिज्ञापत्रात लिहा. त्याचा मोबाइल क्रमांक किंवा ई-मेल आपल्याकडे असल्यास तेही न्यायालयाला सांगा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली एका दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जात) व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस, ती उघडून वाचल्याचे दिसत असल्याने, ग्राह्य धरली होती. ठाऊक असलेला पत्ता लपवून मिळवलेला हुकूमनामा मात्र फसवणुकीच्या कारणावरून कधीही अडचणीत येऊ शकतो, आणि तो तसा यावा हे न्याय्यच आहे.

जाहीर समन्स द्यावेच लागले, तर ज्या भागात प्रतिवादी शेवटचा राहत होता अथवा व्यवसाय करीत होता, त्या भागात खपणाऱ्या दैनिकातच ते प्रसिद्ध व्हायला हवे. अशी बजावणी प्रत्यक्ष बजावणीइतकीच परिणामकारक मानली जाते. तरीही मुदतीच्या कायद्यातील एक तरतूद ध्यानात ठेवावी. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची ३० दिवसांची मुदत एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजली जाते. पर्यायी बजावणी झाली असेल तर ती प्रतिवादीला हुकूमनामा कळल्या दिवसापासून सुरू होते. तो दोन वर्षांनी येऊन ‘मला आताच कळले’ म्हणाला, तर न्यायालयाला त्याचे ऐकून घ्यावे लागेल, आणि त्या वेळी आपले आजचे प्रतिज्ञापत्र व बेलिफाचा अहवाल हेच आपल्या उपयोगी पडतील.

तूर्त एक गोष्ट विसरू नका. समन्स बजावणीविना परत आल्यावर ७ दिवसांत नवीन समन्ससाठी अर्ज केला नाही, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो; प्रतिवादीचा पत्ता शोधण्याचे सर्वतोपरी प्रयत्न केल्याचे किंवा तो बजावणी टाळत असल्याचे त्याच मुदतीत दाखवल्यास न्यायालय वेळ वाढवून देते. समन्स परत आल्याची तारीख आजच वकिलांकडून विचारून घ्या.