हरभऱ्याची डाळ म्हणजे भ्रूणपोष का?

प्रश्न असा आहे की हरभऱ्याच्या डाळीला भ्रूणपोष म्हणायचं का, आणि पुष्क हा शब्द कधीकधी दिसतो तो याच गोष्टीसाठी आहे की वेगळ्या. दुसरा भाग सोपाय, दोन्ही शब्द एंडोस्पर्मसाठीच, म्हणजे बीमध्ये गर्भाबरोबर वेगळा तयार होणाऱ्या अन्नसाठ्यासाठी, शाळेच्या पुस्तकांत भ्रूणपोष, मराठी विश्वकोशात पुष्क. डाळीला मात्र दोन्हींपैकी काहीच म्हणता येत नाही.

गोंधळ भ्रूणपोष या शब्दामुळे होतो, कारण भ्रूणाला (म्हणजे बीमधल्या गर्भाला) पोसणारा असा सरळ अर्थ घेतला की बीमधला कुठलाही अन्नसाठा त्यात बसतो. पण वनस्पतीशास्त्रात हे नाव साठा कशासाठी आहे यावरून नाही, तो कुठून आला यावरून ठरतं. सपुष्प, म्हणजे फुलं येणाऱ्या झाडांमध्ये (पुढे सपुष्क येईल, एका अक्षराचा फेर, जपून वाचा) परागनलिकेतून दोन नरयुग्मकं (नर प्रजननपेशी) येतात, एक अंडपेशीला मिळून गर्भ होतो आणि दुसरं मधल्या दोन केंद्रकांना मिळून त्याचा पुष्क होतो, म्हणूनच बहुतेक झाडांत गर्भाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच तर पुष्काच्या पेशीत तीन. हे दुहेरी फलन सर्गेई नावाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवलं.

आता हरभरा. त्यातही पुष्क तयार होतो, पण बी पिकेपर्यंत गर्भ तो जवळजवळ सगळा संपवतो आणि साठा स्वतःच्या दोन बीजपत्रांत, म्हणजे पहिल्या पानांत, भरून ठेवतो. म्हणजे डाळ हे बीजपत्र, गर्भाचाच अवयव. वाटाणा, शेंगदाणा तसेच. गव्हात उलटं, दाण्याचा बहुतेक भाग पुष्कच, मैदा म्हणजे तोच दळलेला, आणि एकुलतं बीजपत्र त्यातलं अन्न शोषून कोंबाला पुरवतं.

यावरून लोक लगेच सूत्र करतात, एकदल (एका बीजपत्राचं) ते सपुष्क, म्हणजे पिकल्या बीत पुष्क उरलेलं, नि द्विदल (दोन बीजपत्रांचं) ते अपुष्क, म्हणजे न उरलेलं, ते काही खरं नाही. एरंडीला दोन बीजपत्रं असतात पण कागदासारखी पातळ, तेल सगळं पुष्कात. मेथी तर हरभऱ्याच्याच कुळातली, तरी दाणे भिजवल्यावर जो बुळबुळीतपणा येतो तो पुष्काचा, आणि गवारगमसुद्धा गवारीच्या बीमधला पुष्कच!

सगळ्यात मजेदार नारळ. पाणी आणि खोबरं दोन्ही पुष्क. आधी केंद्रकं नुसती वाढत जातात, मध्ये पेशीभित्ती पडतच नाहीत, ते द्रवरूप, मग कडेपासून भित्ती पडायला लागतात आणि खोबऱ्याचा थर धरतो. रुजलेला नारळ फोडल्यावर आत जो स्पंजसारखा गोळा मिळतो तो मात्र पुष्क नाही, ते फुगलेलं बीजपत्र, खोबरं शोषून घेणारं.

मला स्वतःला पुष्क बरा वाटतो, एक तर वाचणाऱ्याला आधीच काही अर्थ सुचवत नाही आणि सपुष्क, अपुष्क अशी विशेषणं सहज होतात, भ्रूणपोषाची करून बघा.

बाकी मिरीच्या दाण्यात पुष्क अगदी थोडा असतो, मुख्य साठा बीजांडातल्या (ज्याचं पुढे बी होतं त्या भागातल्या) मातृझाडाच्याच ऊतीत असतो, तेव्हा तिथेही 'भ्रूणाला पोसतो म्हणून भ्रूणपोष' असं म्हणून चालणार नाही.