स्टाव्हांगरला जाताय ना, मग 'मोल' या शब्दाबद्दल

तुम्ही विचारलंय, नॉर्वेत स्टाव्हांगरला नोकरी लागलीय, मुलगा सात वर्षांचा आहे, इंग्रजीवर भागेल का. दादा, भागतं. व्हिसा, टॅक्स सगळं सरकारी साइटवर आहे. एकटेपणाचं म्हणाल तर पहिला हिवाळा काढला की होते सवय. मला एका शब्दाबद्दल लिहायचंय, तुमचा प्रश्न वाचल्यापासून तोच डोक्यात फिरतोय.

नॉर्वेजियनमधला हा शब्द ऐकायला आपल्या 'मोल'सारखाच. फुटबॉलमधला गोल म्हणजे मोल, ध्येय म्हणजे मोल, माप म्हणजे मोल, जमीन मोजताना एक मोल म्हणजे १००० चौरस मीटर, आणि भाषा म्हणजेही मोल. आपल्या 'घर'सारखा नपुंसकलिंगी, पण अनेकवचनात बदलत नाही, दोन असले तरी मोलच. 'ते ठरावीक मोल' म्हणायचं तर प्रत्यय मागे लागतो, मोले, लिहिताना शेवटी त असतो पण बोलताना गिळतात. मुळात हे दोन जुने शब्द एकात मिसळलेत, मोजण्याचा आपल्या 'माप'च्या कुळातला आणि बोलण्याचा वेगळाच. आइसलँडमध्ये तो होतो 'माउल', तिथे भाषाही आणि कोर्टातली केसही.

मातृभाषा म्हणजे मूर्समोल. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर तो रकाना होता. त्याच आठवड्यात तिच्या जन्मदाखल्याचे कागद दुसऱ्यांदा परत आले होते, मी पार वैतागले होते, आणि काउंटरवरच्या बाई म्हणाल्या मराठी म्हणजे हिंदीच ना. मी म्हटलं इंग्रजी लिहा. कोणी जबरदस्ती केली नव्हती, मीच म्हटलं. आज ती आजीला फोनवर 'बरी आहे' एवढं सांगते आणि फोन माझ्या हातात देते.

नंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे स्कॉटलंडला आलो, ल्यूइस बेटावर स्टॉर्नोवेत. ही बेटं १२६६ पर्यंत नॉर्वेच्या राजाकडे होती, गावांची नावं अजून नॉर्स, म्हणजे जुन्या नॉर्वेजियन भाषेतली आहेत. घर बघायला गेलो तर घरमालकीण आजींनी इथल्या जुन्या गेलिक भाषेत 'अम माल' म्हणून आकडा सांगितला. माल म्हणजे भाडं! नॉर्समध्ये या शब्दाचा अर्थ बोलणं, त्यावरून बोलून ठरवलेला करार, मग ठरलेली रक्कम, असं करत करत तो स्कॉट्समधून, म्हणजे स्कॉटलंडच्या इंग्रजीसारख्या बोलीतून, गेलिकमध्ये आला म्हणतात, ब्लॅकमेलमधला 'मेल'ही तोच. गेलिकमध्ये नपुंसकलिंग उरलेलं नाही म्हणून इथे तो पुल्लिंगी, ठरावीकपणाचा 'अम' पुढे लागतो, आणि 'भाड्याचा' म्हणायचं तर म चा व होतो, 'अ वाल'. शब्दाचं तोंडच बदलतं, मी कितीदा चुकले.

आणि इथल्या शाळांत २०२० पासून पहिलीला प्रवेश घेताना गेलिक माध्यमच धरून चालतात, इंग्रजी हवं तर तसं सांगावं लागतं. तेवढी छोटी भाषा, पण तिचे लोक असं करतात. ते कळलं तेव्हा मला तो काउंटर आठवला, त्या रात्री झोप लागली नाही.

तुमच्या मुलाचा फॉर्म आला की मराठी लिहा. यादीत नसली तर 'इतर'मध्ये लिहा, आणि कोणी हिंदीच ना म्हटलं तर नाही म्हणून सांगा.